आठ कुठे ठेवायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टेबलाभोवती बसून, प्रत्येकानं एकेक पात्र होऊन फाशांच्या साथीनं गोष्ट पुढे न्यायच्या रोलप्लेइंग खेळांना आपल्या रविवार पुरवणीनं अर्धं पान दिलं, याबद्दल आभार. पण लेखाशेजारच्या चौकटीत एक चूक राहून गेली आहे. ती वरवर बारीक वाटली तरी तिच्यामुळे सगळा हिशेबच बिघडतो, म्हणून आधी तिची दुरुस्ती.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पात्राचे गुण 27 पॉइंटांत विकत घ्यायची जी पद्धत आहे, तिच्यात 8 हा आकडा फुकट मिळतो. 9 ला 1 पॉइंट पडतो, 10 ला 2, 11 ला 3, 12 ला 4 आणि 13 ला 5. चौकटीत याच चढणीनं पुढे 14 ला 6 आणि 15 ला 7 छापले आहेत. खरे भाव 14 ला 7 आणि 15 ला 9 असे आहेत. चौकटीच्या भावानं तीन 15 घेतले तरी 6 पॉइंट उरतात आणि त्यांत चौथ्या गुणाला 14 बसतो. मग चार गुण चढे, दोन पडके, आणि टेबलावरचे सगळे वीर एकाच साच्यातले. खऱ्या भावानं तीन 15 घेतले की 27 तिथेच संपतात आणि उरलेले तिन्ही गुण 8 वर बसतात. 13 च्या पुढे भाव चढवला आहे तो एवढ्यासाठीच. हवं ते महाग घ्यायचं असेल, तर दुसरीकडे कुठे फाटकं राहायचं ते खेळ तिथेच विचारून घेतो.

लेखात म्हटलं होतं, ‘आकडे बाजूला ठेवा, कल्पनेला मोकळं सोडा.’ पुढच्या रविवारी एका वाचकानं उलट टोक धरलं: हा खेळ म्हणजे निव्वळ गणित, गोष्ट ही वरची सजावट. आम्हाला दोन्ही पटत नाहीत. कॅरेक्टर शीटवरचा, म्हणजे पात्राच्या नोंदपत्रावरचा, प्रत्येक आकडा पात्राबद्दल काहीतरी सांगत असतो. त्या आकड्यामागे पात्राबद्दल एखादं वाक्य नसेल, तर तो उसना आणलेला असतो. आणि बॅकस्टोरीतलं, म्हणजे पूर्वकथेतलं, जे वाक्य शीटवर कुठेच उतरत नाही, ते तिसऱ्या बैठकीपर्यंत लिहिणाराही विसरतो. म्हणून आकडे आणि वाक्यं आळीपाळीनं, एकमेकांकडे बघत लिहावी लागतात. ते कसं करायचं, हेच या पत्रात मांडतो आहोत. पत्र लांबलं आहे. कात्री आपल्या हाती.

गुण सहा. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, भान आणि छाप. (मराठी गटांतही इंग्रजी नावंच चालतात, ही मराठी नावं फक्त वाचकांच्या सोयीसाठी.) गुणातून 10 वजा करून निम्मं करायचं आणि अपूर्णांक खाली सोडायचा, की मॉडिफायर मिळतो. 16 चा +3, 12 चा +1, 8 चा -1. काही जमतं का ते बघायला वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात तो मिळवायचा आणि ठरलेला आकडा गाठायचा. वीस बाजूंच्या फाशावर एकाचा फरक म्हणजे 5 टक्के. हे एकदा डोक्यात बसलं की दोन्ही बाजूंचे निम्मे गैरसमज आपोआप जातात.

नाटकी खेळाडू बुद्धी 8 दिसली की लगेच गावचा येडा उभा करतो, तोंड वासून, तोतरं बोलत. सरासरी माणूस 10 वर असतो. 8 वाला 12 वाल्यापेक्षा शंभरात दहा वेळा जास्त चुकतो, इतकंच. असा माणूस संसार करतो, बाजार करतो, फक्त गाळलेल्या जागा भरताना अडखळतो. गणिती खेळाडूची चूक याच्या उलट. तो छाप 8 वर टाकतो आणि दरबारात स्वतःच्या जिभेच्या जोरावर दहा मिनिटं भाषण ठोकतो. डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, फासा मागत नाही, आणि फुकटात मिळालेला 8 फुकटातच पचतो. यावर उपाय सोपा आहे. भाषण कितीही रंगलं तरी फासा टाकायला लावायचा. भाषण चांगलं झालं म्हणून दोन फासे टाकून त्यातला वरचा घ्यायची सवलत द्यावी, पण -1 कापलाच पाहिजे.

आता एक पात्र तळापासून बांधून दाखवतो. 2024 चे सुधारित नियम घेऊ, कारण सध्याचा वाद तिथेच पेटला आहे. 2014 च्या नियमांत गुणांची वाढ वंशावरून मिळायची, म्हणजे ड्वार्फ झालात की काटकपणा +2. ते बंधन 2020 मध्ये सैल झालं. 2024 मध्ये ही वाढ बॅकग्राउंडला, म्हणजे पात्राच्या आधीच्या आयुष्याला, जोडली गेली. प्रत्येक बॅकग्राउंडचे तीन गुण ठरलेले असतात. त्यांत एकाला +2 आणि दुसऱ्याला +1 घ्या, नाहीतर तिघांनाही +1. परिणाम असा झाला, की तलवारबहाद्दर करायचा म्हटलं की जो तो ‘सोल्जर’ उचलतो, कारण त्यात बळ, चपळाई आणि काटकपणा एकत्र मिळतात. चार टेबलांवर चार फायटर (लढवय्याचा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा), आणि चौघेही निवृत्त शिपाई.

कल्पना अशी घेऊ: गोदा, सावकाराच्या पेढीवरची हिशेबनीस, जिनं किर्द सोडून तलवार धरली. तिचं बॅकग्राउंड ‘स्क्राइब’, म्हणजे लेखनिक. त्याचे गुण चपळाई, बुद्धी आणि भान. बळ त्यात नाहीच. गणिती मित्र लगेच म्हणतो, फायटरला हे परवडत नाही, सोल्जर घे. बघू या खरंच परवडतं का.

15, 14, 13, 12, 10, 8 हा ठरलेला संच घ्या. वरच्या खऱ्या भावानं त्याची बेरीज बरोबर 27 होते. चपळाईला 15, काटकपणाला 14, बुद्धीला 13, भानाला 12, छापेला 10. बळाला 8. स्क्राइबची वाढ मिळून चपळाई 17 आणि बुद्धी 14. इथे कुणी विचारेल की 17 आणि 16 चा मॉडिफायर एकच, +3, मग हा वरचा एक पॉइंट वाया गेला ना? आज गेला. पण पात्र खेळत खेळत चौथ्या लेव्हलला, म्हणजे चौथ्या पायरीवर, पोचलं की मिळणाऱ्या बहुतेक फीट्समध्ये (खास कसबांमध्ये) एखाद्या गुणाला +1 असतो, आणि तेव्हा 17 चा 18 होऊन मॉडिफायर +4 वर जातो. विषम आकडा ठेवायचा तो असा, पुढचं ठरवून. काहीच न ठरवता शीटवर 13 आणि 11 पडलेले दिसले, तर ते पैसे बुडाले समजावं.

पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, फायटरचे 10 अधिक काटकपणाचे 2, म्हणजे 12. स्टडेड लेदरच्या चिलखताचे 12, चपळाईचे 3, ढालीचे 2, म्हणजे एसी (घाव बसायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) 17. हातात रेपिअर, म्हणजे पातळ टोकदार तलवार. तिच्या फाशाची सरासरी 4.5, चपळाईचे 3, आणि ‘ड्युएलिंग’ शैली घेतली तर आणखी 2, म्हणजे एका घावाला 9.5. समोरच्याचा एसी 13 असेल, तर फाशावर +5 मिळून (चपळाईचे 3, प्रावीण्याचे 2) 65 टक्के घाव बसतात, म्हणजे फेरीला साधारण 6.2. सोल्जर बॅकग्राउंडचा, बळ 17 असलेला फायटर ग्रेटसोर्ड घेऊन, दोन हातांच्या शस्त्राच्या शैलीसह 11 चा घाव घालतो. तेवढ्याच टक्क्यांनी ते 7.2 होतात. (फाशावर 20 आल्यावरचा जबर ‘क्रिटिकल’ घाव, शस्त्रांची मास्टरी आणि सोल्जरला मिळणारं फीट बाजूला ठेवलं आहे, फीट धरलं तर अंतर दीडच्या पुढे जातं.) पण त्या सोल्जरच्या दोन्ही हातांत तलवार असल्यामुळे ढालीला जागा नाही. चेनमेलच्या चिलखतात त्याचा एसी 16 राहतो. +4 नं हल्ला करणाऱ्या शत्रूचा घाव त्याला 45 टक्के वेळा लागतो, गोदाला 40 टक्के.

थोडक्यात, चार फेऱ्यांच्या मारामारीत गोदा चार ते सहा हिट पॉइंट कमी मारते आणि थोडं कमी खाते. एवढ्या किमतीत तिला काय मिळतं? जमाखर्चात खाडाखोड पकडायची असेल, आणि अवघडपणा 15 असेल, तर तिच्या तपासाच्या कौशल्यात +4 आहे (बुद्धीचे 2, प्रावीण्याचे 2), म्हणजे निम्म्या वेळा जमतं. बुद्धी 8 आणि कौशल्य नसलेला सोल्जर चारांतून एकदा. शिवाय स्क्राइबसोबत येणाऱ्या फीटमधून आणखी तीन कौशल्यं पदरात पडतात. म्हणजे कल्पनेसाठी आकड्यांचा बळी द्यावा लागला, असं इथे झालेलं नाही. उलट, बॅकग्राउंडमध्ये बळ नसल्यानं तिच्या हातात कुऱ्हाडीऐवजी रेपिअर आली, आणि बोरू धरणारीच्या हाताला ती शोभतेही. आधी कल्पना, मग तिला अडवणारा आकडा, मग त्या अडचणीतून निघालेला तपशील. पात्र बांधायची चाल ही अशी असते.

खरी गंमत सामानात आहे. फायटरच्या सामानाच्या पर्यायांपैकी एकात स्टडेड लेदर, सिमिटर, शॉर्टसोर्ड, लाँगबो, 20 बाण, भाता, भुयारात उतरायचं गाठोडं आणि 11 सोन्याची नाणी येतात. स्क्राइबकडून लेखनसाहित्य, चांगले कपडे, दिवा, तेल, चर्मपत्राचे 12 ताव आणि 23 नाणी. एकूण 34. रेपिअर 25 ची, ढाल 10 ची. एक नाणं कमी पडतं!

गणिती माणूस म्हणेल, शॉर्टसोर्ड विका, निम्म्या किमतीत 5 नाणी सुटतील, प्रश्न मिटला. तेही बरोबर आहे. पण डंजन मास्टरची हरकत नसेल, तर ते एक नाणं गोदानं पार्टीतल्याच, म्हणजे सोबतच्या पात्रांपैकीच, कुणाकडून तरी उसनं घेतलेलं असू द्या. आयुष्यभर दुसऱ्यांची नावे-जमा मांडणारी बाई खेळाच्या पहिल्याच दिवशी नावेत निघते. कुणाचं देणं, कधी फेडणार, व्याज किती, यातून पहिल्या बैठकीत दोन पात्रांना एकमेकांशी बोलायचं कारण मिळतं. आठ पानी बॅकस्टोरीतून ते क्वचित मिळतं. किंमतयादीची बेरीज केली नसती, तर हे सुचलंही नसतं.

आणि बळ 8. त्याला पंधरानं गुणलं की अंगावर वाहून न्यायची मर्यादा निघते, 120 पौंड. ढाल, तलवारी, धनुष्य, गाठोडं आणि लेखनसाहित्य धरून गोदाच्या अंगावर 100 च्या आसपास पौंड आधीच आहेत. पन्नास नाण्यांचं वजन एक पौंड. म्हणजे खजिना सापडला तर हिशेबनीस बाईंना हजारच नाणी उचलता येतील, पुढच्या प्रत्येक मुठीसाठी काहीतरी टाकून द्यावं लागेल. आधी काय टाकेल, कपडे की किर्द? ते खेळाडूनं त्या वेळी ठरवावं. आठ असा वापरायचा असतो. ज्याची पात्राला खेळात कधी ना कधी गरज पडणार आहे, अशाच गुणावर 8 ठेवावा. कधीच फासा पडणार नाही अशा कोपऱ्यात ढकललेला 8 गणितात हुशारीचा दिसतो, गोष्टीत मात्र तो मुका राहतो.

बॅकस्टोरीची लांबी हा दुसरा खड्डा. पहिल्या लेव्हलचा माणूस 12 हिट पॉइंटचा. दोन-तीन चांगले फटके बसले की आडवा. त्याच्या पूर्वायुष्यात ड्रॅगन मारलेला असेल, तर शीट आणि गोष्ट एकमेकांना खोटं पाडतात. दीडशे शब्द पुष्कळ झाले. त्यांत एक माणूस हवा ज्याचं देणं आहे, एक जागा हवी जिथे परत जाता येत नाही, आणि एक गोष्ट हवी जी पात्र काही झालं तरी करणार नाही. यातली शेवटची जपून लिहावी. ‘माझं पात्र असंच आहे’ म्हणत सगळ्यांचा खेळ अडवणारे खेळाडू इथूनच तयार होतात. ‘कुणावरच विश्वास ठेवत नाही’ असं लिहिलं की पार्टीत राहायचं कारणच उरत नाही. ‘सही केल्याशिवाय कुणाला उधार देत नाही’ असं लिहा. बाकीच्यांना त्याच्याशी खेळता येतं.

आता फासे टाकून गुण ठरवायची पद्धत. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ निघाला, तेव्हा सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि गुण येतील त्या क्रमानं घ्यायचे, अशी रीत होती. सरासरी 10.5. आलेल्या आकड्यांवरून हा माणूस कोण असेल ते ओळखायचं. कल्पना तिथे आकड्यांच्या मागून चालत यायची, आणि ज्यांना काहीच सुचत नाही अशा नवशिक्यांना आजही ती रीत बरी पडते. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत चार फासे टाकून सर्वांत लहान वगळतात. तिची सरासरी 12.24 येते. वर दिलेल्या ठरलेल्या संचाची सरासरी 12. म्हणजे सरासरीत फायदा नगण्य, पण विषमता दांडगी. चार जणांच्या गटात कुणा एकाला तरी 18 लागण्याची शक्यता जवळपास एक-तृतीयांश असते, आणि त्याच संध्याकाळी शेजारच्याचा सर्वांत मोठा आकडा 13 असू शकतो. दोघं वर्षभर शेजारी बसणार असतात. फाशांचा थरार हवाच असेल, तर प्रत्येकानं एकेक संच टाकावा, सगळ्यांनी मिळून त्यांतला एक निवडावा आणि तोच चौघांनी वापरावा. कुठला आकडा कुठे ठेवायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

तयार बिल्ड, म्हणजे दुसऱ्यानं आखलेली पात्राची मांडणी, शोधून आणणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण लेखात त्यांचा उल्लेखच नव्हता. बाराव्या लेव्हलला दोन क्लास जुळून येणारं पात्र कागदावर अजिंक्य दिसतं. घरगुती कॅम्पेन, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणारी गोष्ट, बाराव्या लेव्हलपर्यंत टिकेल याची खात्री मात्र कुणालाच देता येत नाही, आणि तोवर ते पात्र अर्धवट शिजलेलं असतं. कुठलंही बिल्ड पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या लेव्हलला कसं खेळेल ते आधी बघावं. तिथे ते लंगडं असेल तर सोडून द्यावं.

आकडेमोडीला वेळेचंही भान लागतं. 2014 च्या नियमांत ‘ग्रेट वेपन मास्टर’ नावाचं फीट होतं: घाव लागण्यातून 5 कापून घ्या, लागला तर 10 जास्त. +5 चा हल्ला आणि 10 चा सरासरी घाव धरला, तर समोरचा एसी 13 असताना साधा घाव 6.5 देतो, जोखमीचा 8. एसी 16 ला दोन्ही बरोबर 5. एसी 18 ला साधा 4, जोखमीचा 3. हे गणित घरी करून शीटच्या कडेला ‘16 पर्यंत’ एवढं लिहून ठेवलं, की संपलं. तेच टेबलावर दर फेरीला मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करत बसलं, की बाकीचे तिघं चहाला उठतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

हा तोल नियमांतच बसवणारे खेळही आहेत. 1986 च्या ‘गर्प्स’मध्ये दुर्गुण घेतले की पॉइंट परत मिळतात. एका डोळ्यानं आंधळा असण्याचे 15, तापट स्वभावाचे 10. खेळाडू हावरटपणे दुर्गुण गोळा करतात आणि पॉइंट खर्च झाले की विसरतात. त्याच खेळातले ‘क्वर्क्स’, म्हणजे बारीकसारीक लकबी, आम्हाला जास्त आवडतात. एकीला एकच पॉइंट, जास्तीत जास्त पाच. ‘नाणं दातानं चावून बघते’ याचा एक पॉइंट! विसरावं इतकं ते महागही नाही आणि फुकटही नाही. ‘फेट’मध्ये पात्राची अडचण शब्दांत लिहावी लागते. खेळ चालवणारा ती अडचण पात्रावर आणतो तेव्हा खेळाडूला एक फेट पॉइंट मिळतो. नको म्हटलं तर पदरचा एक जातो. 1977 च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये तर पात्र तयार होतानाच मरू शकतं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

एकट्यानं घरी बसून पात्र पूर्ण करू नये, एवढी विनंती मात्र जरूर छापा. चौघांनी चार उत्तम पात्रं आणली, चौघेही लढाईत तरबेज, आणि पहिलंच कुलूपबंद दार आलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पहिली बैठक, जिला सेशन झिरो म्हणतात, दोन तासांची ठेवावी. प्रत्येकानं क्लासचं नाव न घेता एका वाक्यात पात्र सांगावं. मग आकडे मांडावेत. मग पात्राचं नाव झाकून शीट डावीकडच्याला द्यावं, आणि त्यानं नुसत्या आकड्यांवरून हा माणूस कोण ते सांगावं. ‘अंगात जोर नाही, पण हात चलाख आहे, हिशेबाची आहे वाटतं’ असं गोदाबद्दल निघालं की शीट जमलं. ‘फायटर आहे’ एवढंच निघालं, तर एखादं कौशल्य किंवा 8 ची जागा बदलून बघावी.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना हे शिकवू पाहणाऱ्या पालकांना महागडी पुस्तकं घ्यायची गरज नाही. खेळाचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर मोफत मिळतो, 2014 च्या नियमांचा 2023 पासून आणि सुधारित नियमांचा 2025 पासून. त्या परवान्यानुसार मूळ स्रोताचं श्रेय देऊन त्याचं मराठी भाषांतरही करता येतं. मात्र सुधारित संचात फक्त चार बॅकग्राउंड आहेत, आणि स्क्राइब त्यांत नाही. गोदा बांधायची असेल तर पुस्तक लागेल, नाहीतर ‘सेज’ (पंडित) घेऊन बघा: त्याचे गुण काटकपणा, बुद्धी आणि भान. म्हणजे चपळाई 15 वरच राहील आणि सगळी मांडणी पुन्हा करावी लागेल. शीट पेन्सिलनं भरा.

आपले नम्र,
टेबलटॉप खेळणारे काही वाचक, पुणे